बेचाळीस किलोमीटर आणि दोन खुर्च्या

42 किलोमीटर 195 मीटर म्हणजे जवळपास गोंदियाहून बालाघाट. तिथं आपण बसनं जातो. मी शाळामास्तर, वय 46. 2022 च्या रोवणीच्या दिवसांत बूट घालून पळायला लागलो, तेव्हा बांध्यांमध्ये वाकलेल्या बाया मान वर करून बघायच्या. एकीनं विचारलंच, "का गा गुरुजी, कुत्रा मागं लागला का?"

मागं कुत्रा नव्हता, शाळेतला एक मुलगा होता. पायांत बळ नाही, पण खांदे पहिलवानाचे. सरकारी योजनेतून त्याला हातानं चालवायची तीनचाकी मिळालेली. मधल्या सुट्टीत ती घेऊन तो पोरांच्या खेळात घुसायचा आणि वळताना उलटायचा. बास्केटबॉलच्या खुर्चीची चाकं वर आत कललेली, खाली फाकलेली असतात; ती जागच्या जागी वळते, सहजी कलंडत नाही. हा फरक लोकांना पटवणं धावण्याहून अवघड गेलं. एक गाडी असताना दुसरी कशाला? मुलाचा बापही म्हणाला, "पैसे जमवणारच तर शिलाई मशीन घ्या, गुरुजी. पोट तरी भरेल." त्याचं चुकत होतं, असं मला आजही म्हणवत नाही.

मी त्याला मुरलीकांत पेटकरांविषयी सांगितलं. सांगली जिल्ह्यातले हे जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्यात 37.33 सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. बाप बोटं मोजून म्हणाला, "म्हणजे शेचाळीस वर्षांनी."

यावर मी काय बोलणार?

तरी वही काढली. किलोमीटरमागे कुणी दोन रुपये, कुणी दहा. एका राइस मिलच्या मालकांनी सगळ्यांत मोठा आकडा टाकला, पण अट घातली: "पूर्ण धावलात तरच. अर्ध्यात बसलात तर एक पैसा नाही." थंडीत नागपूरला एकवीस किलोमीटर धावून आलो आणि 2023 च्या जानेवारीत विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई गाठली.

सीएसएमटीहून अंधारात निघालो. सागरी सेतूवर वारं छान होतं. परतीला माहीमनंतर पोटऱ्यांत गोळे आले, आणि पेडर रोडचा चढ समोर दिसला तेव्हा मी कठड्याला टेकलो. आमच्या सपाट धानपट्टीत असला चढ कुठला? मुलाची आठवण झाली असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. खरं सांगतो, आठवली ती मिलमालकांची अट. चालत चढलो, उतारावर पुन्हा पळालो. पाच तास बावन्न मिनिटं लागली.

मालकांनी शब्द पाळला. पैसे दोन खुर्च्यांपुरते जमले. खुर्च्या आल्या, तर शाळेच्या मैदानातल्या मातीत चाकं रुतली! हा विचार आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. पुन्हा मिलमालकांकडेच गेलो. त्यांच्याकडे उकडलेलं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण आहे. संध्याकाळी ते आम्हाला मिळतं. दुसऱ्या खुर्चीत बसण्यावरून धडधाकट पोरांची भांडणं होतात. मुलाचा बाप कुंपणापाशी सायकल टेकून उभा असतो. शिलाई मशीनचा विषय त्यानं सोडलेला नाही.

सध्या पटांगणावर धान पसरलं आहे, त्यामुळं आठ दिवस खेळ बंद आहे.