शीड दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं?

पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेली शिडं मुंबई बंदरात ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा उलगडली जातात. तेव्हा प्रश्न पडतो : जुन्यावरच भागवायचं की नवं घ्यायचं?

आजची बरीच शिडं पॉलिएस्टरची, म्हणजे डेक्रॉनची असतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी बहुधा आधी शिवणीचा दोरा विरतो, कारण तो कापडाच्या वर उघडा राहतो. शिवणीवरून अंगठ्याचं नख जोरात घासा. दोरा तुटला, पण कापड दणकट असेल, तर फेरशिलाई पुरते. मागच्या काठाचं कापड मात्र हातानं ओढताच फाटत असेल, तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही. नवे टाके धरतील असं कापडच उरलेलं नसतं.

मग आकार बघा. वाऱ्यानं भरलेल्या शिडाचा सर्वांत खोल फुगवटा मधोमध किंवा किंचित पुढे हवा. कापड ताणलं गेलं, की तो मागे सरकतो. बोट जास्त कलते आणि वाऱ्याच्या रोखानं नीट चढत नाही. धुऊन मीठ निघेल, बुरशीही कमी होईल, पण ताणलेलं कापड पूर्ववत होत नाही.

निव्वळ फेरफटक्याला असं शीड अजून चालेल. शर्यतीत उतरायचं असेल, तर नवंच शिवून घ्या. आणि बोट उभी असताना ते झाकून ठेवायला विसरू नका.