घाईच्या देशाची सबुरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेतल्या माणसाला मरायलाही फुरसत नसते, असं आपण गमतीनं म्हणतो. आणि आपल्याकडच्या माणसाला काय, फुरसतच फुरसत, असं तिकडचे लोक म्हणत असतील. दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज मला बोलायचं आहे.

मी अमेरिका पाहिलेली नाही. जे काही ठाऊक आहे ते वाचून आणि तिकडे गेलेल्यांच्या तोंडून ऐकून. पण अमेरिकेशी भागीदारीत उभं राहणारं एक यंत्र आता आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या शिवारात येत आहे. त्यामुळे 'तिकडची वेळ' हा विषय आम्हाला तितकासा लांबचा राहिलेला नाही. त्या यंत्राकडे पुढं येईन. आधी तिकडच्या घाईची गोष्ट.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४८ साली एका तरुण व्यापाऱ्याला उपदेश लिहिला. त्यात त्यांनी वेळ आणि पैसा यांचा हिशोब एकाच वहीत मांडला. दिवसाला दहा शिलिंग कमावणारा माणूस अर्धा दिवस हिंडत किंवा बसून राहिला, तर चैनीवर गेलेले चार पैसे तेवढे खर्ची पडले असं त्यानं समजू नये. न कमावलेले पाच शिलिंगही खर्चातच धरावेत, असा तो हिशोब. पुढं फ्रेडरिक टेलर हे इंजिनियर स्टॉपवॉच घेऊन कारखान्यात उभे राहिले. मजूर किती सेकंदात वाकतो, किती सेकंदात फावडं उचलतो, याची त्यांनी नोंद केली आणि १९११ साली त्याचं शास्त्र करून पुस्तक छापलं. १९१३ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात गाडीचा सांगाडा सरकत्या पट्ट्यावर आला. ज्या जोडणीला साडेबारा तास लागत, ती काही महिन्यांत दीड तासावर आली. पूर्वी माणूस कामाकडे चालत जायचा. आता काम माणसाकडे येऊ लागलं, आणि त्याच्यासाठी थांबेनासं झालं.

घड्याळाची एकवाक्यताही तिथं रेल्वेनंच आणली. आधी प्रत्येक गावाची दुपार वेगळी होती. सूर्य डोक्यावर आला की त्या गावचे बारा. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी रेल्वे कंपन्यांनी देशभरातली घड्याळं ठरावीक पट्ट्यांमध्ये बसवली, आणि गावोगावच्या दुपारी मोडीत निघाल्या. आपल्याकडे १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईनं मात्र स्वतःची, सुमारे एकोणचाळीस मिनिटं मागची वेळ पुढं कितीतरी वर्षं सोडली नव्हती.

आमच्या हिंगोलीचा सूर्यही सरासरी एकवीस मिनिटं मागं आहे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आकाशात पावणेबाराच्याही आधीची वेळ असते. हे कुणाला जाणवत नाही. रमजानमध्ये मात्र जाणवतं, कारण रोजा सूर्य बुडाल्यावर सुटतो. नागपूरकरांचा आमच्याआधी काही मिनिटं, मुंबईकरांचा आमच्यानंतर साधारण पाव तासानं. औंढ्याच्या नागनाथाची प्रदोषाची पूजाही सूर्यास्तावरच बेतलेली. म्हणजे मनगटावर एक वेळ आणि आकाशात दुसरी, अशा दोन वेळा सांभाळत आपण सगळेच जगतो.

अमेरिकेत तर घड्याळ वर्षातून दोनदा सरकवतात, मार्चमध्ये एक तास पुढं आणि नोव्हेंबरमध्ये एक तास मागं. आमच्या नात्यातला एक मुलगा न्यू जर्सीत असतो. त्यानं तिथल्या मशिदीचं वेळापत्रक पाठवलं होतं. त्यात एका रविवारी पाचही नमाजांच्या वेळा एकदम तासाभरानं उडी मारतात. सूर्य जागेवरच असतो, सरकलेलं असतं ते घड्याळ.

आता आपल्याकडे वळू. आपल्याला मिनिटाची जाण नव्हती, असं म्हणता येत नाही. चोवीस मिनिटांची एक घटका आणि चोवीस सेकंदांचं एक पळ, इतकं बारीक माप आपल्या पूर्वजांनी वापरलं. लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात घटिकापात्र सोडून ते बुडेपर्यंत माणसं टक लावून बसत. फारसी-अरबीतूनही आपण वेळेचे शब्द घेतले. तारीख, मुदत, हंगाम, हप्ता, फुरसत हे सगळे तिकडचे, पण आज ते मराठी नाहीत असं कोण म्हणेल? शब्दांची श्रीमंती आहे. चणचण आहे ती पाळण्याची.

मराठवाड्यातली कुठलीही लग्नपत्रिका पाहा. मुहूर्त 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे' असा मिनिटासकट छापलेला असतो. त्या पस्तिसाव्या मिनिटाला नवरदेव वेशीजवळ असतो आणि त्याचे मित्र बँडपुढं नाचत असतात. अक्षता पडतात अडीचला. आमच्याकडच्या निकाहाची गत वेगळी नाही, काझीसाहेब येऊन बसलेले आणि वरात अजून वाटेत. यात कुणाचं फार बिघडत नाही. पोटात कावळे ओरडतात, चार जुन्या ओळखी निघतात, दोन सोयरिकी जुळतात. हा उशीर मला मनापासून आवडतो, कारण तो सगळ्यांच्या वाट्याला सारखाच येतो.

दुसरा उशीर मात्र मला आवडत नाही. तो एकाच बाजूला साचतो.

खेड्यातली एखादी बाई एका दाखल्यासाठी तालुक्याला येते. सकाळची एसटी पकडलेली, घरी लेकरू सासूकडे ठेवलेलं, दिवसाची मजुरी बुडालेली. खिडकीतून उत्तर येतं, "साहेब मीटिंगला गेलेत, बसा." किती वेळ बसायचं, हे कुणी सांगत नाही. चार वाजता कळतं, "आज व्हायचं नाही, परवा या." परवा पुन्हा एसटी, पुन्हा बुडालेली मजुरी. फ्रँकलिन यांची वही इथं उघडली, तर त्या बाईच्या दोन दिवसांचा खर्च कुणाच्या नावे मांडायचा? आपल्याकडे तो कुणाच्याच नावे मांडला जात नाही, कारण तिच्या वेळेला किंमत आहे हेच कुणी धरलेलं नाही. कुणाला किती थांबवता येतं, यावर आपल्याकडे मोठेपण ठरतं. मोठा माणूस उशिरा येतो, आणि लहान माणूस लवकर येऊन बसतो.

या बाबतीत महाराष्ट्रानं २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा केला. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे, हे जाहीर करायचं, आणि कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. रक्कम लहान आहे, पण नागरिकाचा दिवस फुकटचा नाही, हे कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं ही गोष्ट लहान नाही.

अमेरिकेतून येणारे लोक जे कौतुकानं सांगतात, तेही हेच असतं. उंच इमारतींपेक्षा त्यांना आठवतं ते असं की, दहा वाजताची वेळ दिली तर दहाला बोलावतात, आणि उशीर होणार असेल तर आधी कळवतात. रांगेत पुढं कोण आहे, हे त्याच्या कपड्यांवरून ठरत नाही.

पण याच नाण्याची दुसरी बाजू तिकडचीच माणसं दबक्या आवाजात सांगतात. वेळ म्हणजे पैसा एकदा ठरलं, की ज्याच्याकडे पैसा कमी त्याला वेळ विकत राहावी लागते. जगातल्या श्रीमंत देशांपैकी अमेरिका हा असा देश आहे, जिथं पगारी वार्षिक रजा द्यायलाच हवी असा देशभर लागू होणारा कायदा नाही. बाळंतपणासाठी किंवा घरातल्या आजाऱ्यासाठी बारा आठवड्यांची रजा देणारा कायदा १९९३ साली झाला, पण ती रजा बिनपगारी, आणि सगळ्या कामगारांना तीही मिळत नाही. तासावर काम करणारी बाई मूल तापलं म्हणून घरी राहिली, तर तेवढे तास तिच्या पगारातून जाऊ शकतात. तिकडची बाई आणि आपल्या खिडकीसमोरची बाई यांच्यात हजारो मैलांचं अंतर आहे. दोघींचा बुडालेला दिवस मात्र सारखाच आहे.

सणांचंही तसंच. तिकडच्या मराठी मंडळांचा सार्वजनिक गणपती बहुतेक ठिकाणी जवळचा शनिवार-रविवार गाठून बसतो. तिथीला सुट्टीची वाट पाहावी लागते. ईदच्या सकाळी अनेक मशिदींत नमाजाच्या दोन-तीन जमाती होतात. पहिली उठली की गाड्या काढायच्या, म्हणजे दुसरीला जागा होते. गळाभेट वाहनतळावर, आणि तिथूनच ऑफिस. न्यूयॉर्क शहरानं २०१५ पासून सरकारी शाळांना ईदची सुट्टी दिली, तेव्हा आमच्या त्या नातलगाला झालेला आनंद मी फोनवर ऐकला आहे. एका दिवसाची सुट्टी म्हणजे काय, हे आपल्याकडे भरपूर सुट्ट्या घेणाऱ्याला सांगून कळायचं नाही.

आता औंढ्याच्या यंत्राकडे येतो.

त्याचं नाव लायगो. अमेरिकेत अशी दोन केंद्रं आहेत, एक वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्डला, दुसरं लुइझियाना राज्यात लिव्हिंग्स्टनला. काटकोनात जोडलेल्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आणि त्यांतून लेझरचा किरण जातो-येतो. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लहर उठते. ती लहर इथं पोहोचली की त्या नळ्यांची लांबी अणूच्या गाभ्यापेक्षाही कितीतरी बारीक अंशानं बदलते. तो बदल हे यंत्र टिपतं. अशा लहरी असतील, असं आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणितानं सांगून ठेवलं होतं.

रायनर वाइस यांनी या यंत्राची सविस्तर मांडणी १९७२ साली केली. बांधकाम सुरू झालं १९९४ साली. २००२ ते २०१० अशी आठ वर्षं यंत्र कान देऊन बसलं आणि काहीही ऐकू आलं नाही. सरकारी पैसा, शेकडो माणसं, आणि हाती शून्य. मग त्यांनी यंत्र आणखी संवेदनशील केलं आणि पुन्हा बसले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी एक लहर आली. सुमारे एकशे तीस कोटी वर्षं प्रवास करून आलेली, आणि टिपली गेली ती जेमतेम सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतकी. आधी लिव्हिंग्स्टनला, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचं तर सात भागांनंतर हॅनफर्डला. २०१७ साली वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना नोबेल मिळालं.

सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यासाठी चाळीस वर्षं थांबणारा देश, आणि घाईचा म्हणून आपण ओळखतो तो देश, हे दोन्ही एकच. 'सब्र' या अरबी शब्दाची मराठीत सबुरी झाली. ती आपली आणि घाई त्यांची, अशी वाटणी आपण करून टाकली होती. लायगोनं ती वाटणी माझ्यापुरती मोडली.

एवढा खटाटोप करून हे लोक औंढ्याला का आले? लहर कुठल्या केंद्रावर आधी आणि कुठल्यावर नंतर पोहोचली, या फरकावरून ती आकाशात कुठून आली ते शोधता येतं. त्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, दूरवर आणखी एक केंद्र हवं होतं. शिवाय जागा अशी हवी, जिथं जड वाहनांची, कारखान्यांची धडधड कमी असेल, कारण दूरवरून गेलेल्या ट्रकचा हादराही त्या नळ्यांना चालत नाही. केंद्र सरकारनं २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली, सुमारे दोन हजार सहाशे कोटी रुपयांची. उद्योग नाहीत, वर्दळ नाही, म्हणून हिंगोलीला मागास म्हणत आलेत. या एका कामी तीच शांतता आमच्या जिल्ह्याची पात्रता ठरली.

पण शांततेचा फार अभिमान बाळगण्याआधी वाट पाहण्यातला फरक ओळखला पाहिजे. आमच्या भागातला शेतकरी पावसाच्या तोंडावर हळदीचं बेणं लावतो आणि आठ-नऊ महिन्यांनी काढतो. मग ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, तेव्हा कुठं बाजार. या थांबण्यात रोजचं काम आहे, पिकाबद्दलचं ज्ञान आहे, आणि शेवटी हाती काहीतरी येणार आहे. वाइस थांबले ते असे. खिडकीसमोरची बाई थांबते त्याला सबुरी म्हणू नये. तो तिच्या आयुष्यातून परस्पर कापून घेतलेला तुकडा आहे. आपण या दोन्हींना 'वाट पाहणं' हा एकच शब्द वापरतो, आणि दुसऱ्या प्रकारावर पहिल्याचं पुण्य चढवून मोकळे होतो.

अमेरिकेकडून काय घ्यायचं ते यावरून मला ठरवता येतं. सण शनिवारवर ढकलणं नको, आजारी लेकराजवळ बसलेल्या आईचे तास कापणं तर नकोच. घ्यायचा तो दुसऱ्याच्या मिनिटाचा हिशोब. त्यासाठी अडीच हजार कोटींचं यंत्र लागत नाही. आपण शिक्षक असू, डॉक्टर असू, दुकानदार असू, कचेरीत असू. कुणी आपल्यासमोर येऊन उभं राहिलं आणि काम आज होणार नसेल, तर "बसा" म्हणू नये. "आज होणार नाही, गुरुवारी अकराला या," असं सांगावं. आणि गुरुवारी अकराला आपण तिथं असावं.