चाळांचा वारसा

शास्त्रीय संगीतांत घराण्यांचीं नांवें अभिमानानें घेतलीं जातात. गुरूचें नांव उच्चारतांना गवई कानाच्या पाळीला हात लावतो. तमाशाच्या फडांतील स्त्रियांचींही अशींच घराणीं आहेत. परंतु त्यांची वंशावळ लिहून ठेवण्याची तसदी फारशी कोणीं घेतली नाहीं. लावणी रचणाऱ्या शाहिराचें नांव कवनाच्या शेवटीं गुंफलेलें असतें; ती लावणी अंगानें जिवंत करणारी स्त्री, आणि तिला तें शिकविणारी स्त्री, या दोघी मात्र बहुधा विस्मृतींत जातात.

मनमाड हें मुंबई, खानदेश, नगर आणि मराठवाडा यांना जोडणारें जंक्शन. याच मुलखांत तमाशाचे फड पिढ्यान्‌पिढ्या हिंडत आले. येथून फार दूर नसलेल्या संगमनेर तालुक्यांतील हिवरगांव पावसा हें पवळाबाईंचें गांव. पवळाबाई (१८७०–१९३९) महार समाजांत जन्मल्या. फडांत स्त्रीचें काम नाच्या पोऱ्यानें करावें, असा तेव्हां रिवाज होता. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचें नांव घेतलें जातें. पठ्ठे बापूरावांची (१८६६–१९४५) कवनें त्यांच्या गळ्यामुळें व अदेमुळें लोकांच्या मनांत ठसलीं. तरीही बापूरावांची कीर्ति गांवोगांव राहिली आणि पवळाबाई त्यांच्या चरित्रांतील एक प्रकरण होऊन बसल्या.

या कलेची शाळा म्हणजे फडाची राहुटीच. लहान मुलगी प्रथम गवळणींच्या रांगेंत मागें उभी राहते. पुढील बाईचें पाऊल पाहत ती ठेका पकडते. ढोलकीच्या बोलाला चाळांनीं उत्तर देण्यास शिकते. बैठकीच्या लावणीचें शिक्षण याहून सूक्ष्म. एकच ओळ पुनःपुन्हां आळवावी आणि दर खेपेस डोळ्यांनीं, भुंवईनें, मानेच्या कलानें तिचा निराळा अर्थ दाखवावा, ही त्यांतील खुबी. हें पुस्तकांतून येत नाहीं. जाणत्या बाईपुढें वर्षानुवर्षें बसूनच येतें.

वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनीं कोल्हाटी समाजांतील आपल्या आईबरोबर लहानपणीं रस्त्यावर गाऊन पोट भरलें. पुढें हिराबाई व ताराबाई यांना घेऊन त्यांनीं ‘यमुना-हिरा-तारा’ ही संगीत पार्टी काढली. म्हणजे एका बाईच्या हातीं आलेली विद्या तिनें घरांतील दोघींना बरोबरीनें उभें करण्यासाठीं वापरली. २०१२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां त्यांचें वय शहाण्णव होतें.

नारायणगांवच्या विठाबाईंची (१९३५–२००२) कथा अधिक दाहक आहे. भाऊ-बापू मांग यांच्या फडांत त्या वाढल्या. नाचतां नाचतां त्यांना प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या, आंत जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हां बोर्डावर आल्या, ही हकीगत तमाशाच्या जगांत सर्वश्रुत आहे. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीं पुढें स्वतःचा फड उभारला. विठाबाईंचे अखेरचे दिवस मात्र हलाखींत गेले. त्यांच्या मृत्यूनंतर महाराष्ट्र शासनानें त्यांच्या नांवें पुरस्कार सुरू केला. त्याच्या पहिल्या मानकरी संगमनेरला स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकर होत.

सातासमुद्रांपलीकडेही असेंच घडलें. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील सॅव्हॉय नृत्यगृहांत (१९२६–१९५८) कृष्णवर्णीय तरुणतरुणींनीं लिंडी हॉप हा नाच घडविला. तें नृत्यगृह बंद पडल्यावर मामा लू पार्क्स या बाईंनीं वस्तींतील मुलांना तो शिकवून जगविला. नॉर्मा मिलर (१९१९–२०१९) यांनीं तर अगदीं उतारवयांतही नव्या पिढीला धडे दिले. ज्यांना समाजानें मागील दारानें आंत घेतलें, त्यांनीं आपली विद्या मात्र खुल्या हातानें वांटली.

परंतु या वारशाला दुसरी बाजू आहे. लेकीला आईकडून अदा मिळते, तशीच पुष्कळदां कुचेष्टा, कर्ज आणि अर्धवट राहिलेली शाळाही मिळते. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनीं १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनांत नाचणाऱ्या स्त्रीच्या मुलाचें दुःख मांडलें, आणि नांवामध्यें अभिमानानें आईचें नांव लाविलें. चाळ बांधणें हा जोंवर त्या घरांतील मुलीचा एकमेव मार्ग आहे, तोंवर त्याला परंपरा म्हणून गौरविणें ही तिची क्रूर थट्टा होय.

पुरस्कार येतात ते बहुधा उतारवयांत. त्याहून आधीं करण्यासारखें पुष्कळ आहे. जुन्या बायांची अदा त्या हयात असतांनाच ध्वनिमुद्रित व चित्रित व्हावी. त्यांना शिक्षिकेचा मान व मानधन मिळावें. फडावरील मुलांच्या शाळेची सोय व्हावी. मग जी मुलगी चाळ बांधील ती स्वेच्छेनें बांधील, आणि आपल्या गुरूचें नांव घेतांना तिचाही हात कानाच्या पाळीकडे जाईल.