रहीमसाहेबांची श्रद्धा

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे, तेव्हा मी फार लांबण लावणार नाही. कार्यवाहांनी मला ‘खेळ आणि श्रद्धा’ हा विषय दिला. मी तीस वर्षे महाविद्यालयातल्या मुलांना बास्केटबॉल शिकवला, म्हणून ही पाळी माझ्यावर आली असावी. पण आज मला बोलायचे आहे ते एका फुटबॉलच्या कोचविषयी. आपल्या कोठीपासून पायी जाता येईल अशा शाळांमध्ये ते मास्तर होते. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. सारे हैदराबाद त्यांना रहीमसाब म्हणत असे.

त्यांचा जन्म 1909 चा, याच शहरातला. शिक्षण उस्मानियात. काचीगुडा, चादरघाट इथल्या शाळांत त्यांनी शिकवले, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेच्या खेळांचा भार उचलला. 1943 पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस आणि 1950 पासून सिटी पोलीस संघाचे कोच. त्या संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकला.

1950 साली आपल्या मराठी घरांत काय वातावरण होते, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. रझाकारांचे दिवस जाऊन दोनच वर्षे झाली होती. माझ्या वडिलांच्या मनात त्या दिवसांची कडवट आठवण शेवटपर्यंत होती. पण रोव्हर्सची बातमी आली, की तेच वडील ओट्यावर बसून “आपली पोरं जिंकली” असे म्हणत. ‘आपली’ हा शब्द त्यांच्या तोंडी कुठल्याही भाषणाने आणला नव्हता. तो एका शाळामास्तराच्या संघाने आणला होता.

रहीमसाहेबांची शिकवण्याची रीत पाहा. दुबळ्या पायानेच चेंडू मारायचा, अशी अट घालून ते स्पर्धा भरवत. उजव्या पायाच्या मुलाने डाव्यानेच खेळायचे. चेंडू स्वतःजवळ न घोळवता लगेच साथीदाराला द्यायचा, अशाही स्पर्धा असत. सिकंदराबादकडच्या तुलसीदास बलराम या गरीब घरातल्या मुलाला त्यांनी हेरले. सरावाला रोज हैदराबादला यायला मुलाकडे पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलीचे पैसे देऊ केले. तोच बलराम पुढे भारताकडून ऑलिंपिक खेळला.

त्यांच्या वाट्याला नुसते यशच आले असे नाही. 1951 मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे धुतले. थंडीत आपली बरीच पोरे अनवाणी खेळली होती. एवढ्या पराभवानंतर एखाद्याने मैदानाकडे पाठ फिरवली असती. रहीमसाहेब परत आले आणि पुन्हा मुलांना घेऊन उभे राहिले. चार वर्षांनी मेलबर्नला त्याच भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवून ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत धडक मारली. त्या सामन्यात मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले.

आणि मग 1962, जकार्ता. आपण तैवान आणि इस्राएल यांना खेळांबाहेर ठेवण्याचा प्रश्न काढला, म्हणून तिथले लोक भारतावर चिडलेले होते. तब्येत ढासळलेली असूनही रहीमसाहेब संघाबरोबर गेले होते. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाशी 2-0 असा हरलो. पुढे जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. तो बचावात खेळणारा गडी, पण रहीमसाहेबांनी त्याला तशा स्थितीत पुढच्या फळीत उभे केले. अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच होता. आदल्या रात्री त्यांनी मुलांना जवळ बोलावून त्यांच्याकडे एकच भेट मागितली : सोने. ही आठवण त्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितली आहे. 4 सप्टेंबरला लाखाच्या आसपास विरोधी प्रेक्षकांसमोर भारत 2-1 ने जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा त्याच टाके पडलेल्या जर्नेलसिंगचा. त्या संघात शीख होते, गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको होता, आपले बलराम आणि युसूफ खान होते, बंगालचे चुनी गोस्वामी कप्तान होते.

त्या वर्षी ऐन गणेशोत्सव चालू होता. मी तेव्हा बारा वर्षांचा. 5 सप्टेंबरच्या सकाळी वडिलांनी आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. देशातला पहिला शिक्षक दिन त्याच दिवशी होता. मास्तरांना मिळालेली एवढी मोठी गुरुदक्षिणा मी दुसरी पाहिली नाही. पुढच्याच वर्षी, 11 जून 1963 रोजी, कर्करोगाने रहीमसाहेब गेले.

माणसाची उपासना हा त्याचा आणि देवाचा प्रश्न. श्रद्धा मात्र चारचौघांत दिसते. दुबळ्या पायातही बळ येईल, हे मुलाला पटण्याआधी ज्याला पटलेले असते, तो श्रद्धावान.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक मुलगा होता. त्याचा डावा हात चालत नसे. एका महत्त्वाच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू निसटला आणि आम्ही हरलो. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, “तुझ्याच्याने हे होणार नाही.” दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी दर संकष्टीला उपास करणारा माणूस, पण त्या दिवशी श्रद्धा माझी कमी पडली. दुबळ्या पायाच्या स्पर्धांविषयी मी त्यानंतर वाचले. मग मी आठवड्यातला एक दिवस फक्त डाव्या हाताचा ठेवला आणि निवृत्तीपर्यंत तो मोडला नाही. त्या मुलाला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून पालकांना एवढीच विनंती करतो. दहावी आली, की मुलाचे मैदान बंद करू नका आणि हरून आलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी हिशेब विचारू नका. मंडळालाही सुचवतो, की पुढल्या वर्षी मुलांच्या स्पर्धांत एक स्पर्धा ‘डाव्या हाताची’ ठेवा. जो मुलगा नेहमी शेवटी येतो, त्याचे नाव तीत सर्वांत आधी लिहा.

गणपती बाप्पा मोरया!