विषय कोणी मांडायचा?

सोनारीचे ग्रामस्थ, परंडा-भूम भागातून आलेल्या बचतगटांच्या ताई, भजनी मंडळांचे बुवा, आशाताई, पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी आणि मागे उभी असलेली तरुण मंडळांतली मुलं,

काळभैरवनाथाच्या गावात मला गावातल्या संघटनांच्या या परिषदेचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल आभार. मी पुढारी नाही, विचारवंत तर नाहीच. ग्रामसेवक म्हणून नोकरी केली. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, दप्तर तेच. ग्रामसभेचं प्रोसिडिंग लिहिण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा आज बोलणार तेही त्या वहीबद्दलच.

ती वही कधी उघडून बघा. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. मग जमाखर्च, मग घरकुलाची यादी, मग आलेली शासकीय परिपत्रकं. प्रत्येकाखाली सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. आणि अगदी तळाला, ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. गावातल्या संघटनांचं जे काही म्हणणं असतं, ते या शेवटच्या ओळीत जाऊन बसतं. तोवर निम्मी माणसं उठलेली असतात, शिपाई सतरंजीचं टोक उचलून उभा असतो आणि बचतगटाची ताई म्हणते, ‘आमचा हातपंपाचा विषय होता.’ सरपंच म्हणतात, ‘घेऊ पुढच्या सभेला.’ वहीत काहीच येत नाही, कारण ठराव झालेला नसतो. सोनारीत माकडांना मोठा मान आहे. आपल्याच जिल्ह्यात उपळ्याला तर 32 एकर जमीन माकडांच्या नावे दप्तरात लावलेली आहे. माकडांची नोंद होते, महिला मंडळाच्या म्हणण्याची होत नाही. हसू नका, किंवा हसा. पण आज इथं जमण्याचं कारण हेच आहे.

कायद्यानं काही दिलं नाही असं नाही. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची, तिच्या शिफारशी मुख्य सभेपुढे ठेवायच्या, असं आपल्या राज्याचा अधिनियम सांगतो. 2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्याच अधिनियमाच्या कलम 49 खाली ग्रामविकास समित्या आहेत. शिवाय आरोग्य-पोषणाची समिती, शाळेची समिती, पाण्याची समिती, तंटामुक्तीची समिती. एका गावात इतक्या समित्या, की तीच सात-आठ माणसं सगळीकडं सही करताना दिसतात. महिला ग्रामसभेचं रजिस्टर अंगणवाडीत फिरवून सह्या गोळा करतात, हे मी नव्यानं सांगायला नको. मुख्य सभेला गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब करायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. तेव्हा समितीत आणखी एक खुर्ची मिळाली म्हणून आपलं म्हणणं कुणी ऐकेल, यावर माझा फारसा विश्वास नाही.

या जिल्ह्यानं मात्र वेगळं काहीतरी पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा भूकंप. उमरगा, लोहारा, सास्तूर आणि पलीकडं किल्लारी. 52 गावं नव्या जागी उठवून बसवली, त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं. त्याहून मोठं काम दुरुस्तीचं होतं: दोन लाखांच्या आसपास घरं, मालकानं स्वतः मजबूत करून घ्यायची. माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरच्या जड माळवदाखाली. मग भिंतीत आरपार दगड बसवा, काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती कमी करा, हे घरोघरी कोण समजावणार? इंजिनीअर मोटारीतून येई, नकाशा दाखवी आणि जाई. माळवद उतरवायला कुणी तयार होईना, उन्हाळ्यात घर तापतं म्हणून. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आल्या. लातूर-उस्मानाबादच्या हजाराहून अधिक गावांत हे झालं. हप्ता का अडला, सिमेंट किती आलं, कोणत्या घराचा पट्टा राहिला, ही माहिती त्यांच्याकडं असे. सरकारनं त्यांना आत घेतलं ते उपकार म्हणून नाही. त्यांच्यावाचून काम पुढं सरकत नव्हतं. कार्यक्रम संपला तसं ते पदही संपलं. बायका मात्र पुढं बचतगटांत टिकल्या. त्याच काळात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं.

दुसरं उदाहरण जरा अलीकडचं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 2007 साली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले जिल्हे पाच: अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि आपला उस्मानाबाद. गावातली माणसं, आशा, संस्थांचे कार्यकर्ते बसून पत्रक भरत. नर्सताई येतात का, औषधं बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का. उत्तर हिरवं, पिवळं किंवा लाल. वाचता न येणाऱ्या आजीलाही लाल रंग कळतो. ही पत्रकं घेऊन जनसुनवाईला जायचं आणि अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. काही डॉक्टरांना ते अपमानास्पद वाटलं, आणि काही ठिकाणी जनसुनवाईचं भांडण झालं हेही खरं. पण तिथं विषयपत्रिका सरकारी टेबलावर ठरली नव्हती.

तिसरं, गावातलं दारूचं दुकान बंद करण्याचं. 2008 च्या आदेशानं गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की मतदान घ्यावंच लागतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद. अट फार कडक आहे. मतदानाला न आलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्याच बाजूला मोजली जाते, आणि कित्येक गावं तिथंच हरली. तरी या नियमातली एक गोष्ट मला मोलाची वाटते: सुरुवात करायला सरपंचाची, ग्रामसेवकाची, कुणाची म्हणून परवानगी लागत नाही.

आता एक प्रश्न, जो निवडून आलेले सदस्य विचारतात आणि रास्तच विचारतात. ‘आम्हाला वॉर्डानं मतं दिली. तुम्हाला कुणी निवडलं?’ याला आपल्याकडं उत्तर हवं. कित्येक मंडळं लेटरहेडवरच आहेत. अध्यक्ष एक, सचिव त्याची पत्नी, बैठक कधी झाली कुणाला आठवत नाही. सरपंचाच्या भावकीतलं महिला मंडळ समितीवर आणि दुसऱ्या वस्तीतलं बाहेर, हेही चालतं. आपण मतं मिळवलेली नसतात, तेव्हा आपला आधार एकच: आपल्या गटानं बसून हे ठरवलं, अमुक तारखेला, इतक्या जणींनी, आणि हे आमचं रजिस्टर. उमेद अभियानातल्या बचतगटांच्या ग्रामसंघांत ही सवय चांगली लागली आहे. कर्जाच्या हिशेबासाठी का होईना, दर बैठकीची नोंद होते. त्याच ग्रामसंघांनी गरिबी निर्मूलनाचा आराखडा करून गावाच्या विकास आराखड्यासाठी ग्रामसभेपुढं ठेवायचा असतो. ठेवला किती गावांत जातो, ते तुम्हीच इथं सांगा.

भजनी मंडळांना वाटेल, आमचा यात काय संबंध. कुठल्याही गावची यात्रा घ्या. रांगा लावणं, पाणी वाटणं, दुसऱ्या दिवशी पत्रावळी गोळा करणं ही कामं मंडळांची पोरं करतात. पाण्याचा टँकर कुठं उभा करायचा हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. यात्रेच्या खर्चाची बैठक मात्र त्यांच्याविना उरकते.

दुपारच्या सत्रात ठरावाचा मसुदा येणार आहे. त्यात ‘प्रत्येक समितीवर संघटनांना प्रतिनिधित्व मिळावे’ असं एक कलम आहे. ते असू द्या, पण त्याच्या आधी माझी दुरुस्ती घ्यावी ही विनंती. नोंद असलेल्या कोणत्याही गटानं आपल्या बैठकीच्या ठरावाची प्रत जोडून लेखी विषय दिला, तर तो नोटीस निघण्याआधी विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकानं यावा, ‘ऐनवेळचे विषय’ यात ढकलू नये, आणि सभेनं तो फेटाळला तर फेटाळल्याचा ठराव कारणासह लिहावा. फेटाळलेलासुद्धा लिहावा, यावर मी अडून आहे.

दुसरी दुरुस्ती आपल्यालाच लागू आहे. समितीवर गेलेल्या प्रतिनिधीनं पुढच्या बैठकीत गटाला काय झालं ते सांगावं, आणि दोन वर्षांनी जागा दुसरीला द्यावी. यावर मतभेद होतील, मला कल्पना आहे. जुन्या कार्यकर्त्यांना दोन वर्षं अपुरी वाटतात. ज्यांना बोलायचं आहे त्यांनी जेवणाआधी आपली नावं चिटणिसांकडं द्यावीत, आणि पहिली दहा मिनिटं महिला प्रतिनिधींसाठी राखून ठेवा.