थायरॉइड काढल्यावर हाडांचं काय?

स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचे सर्जन थिओडोर कोखर यांचा गलगंडाच्या शस्त्रक्रियेत हातखंडा होता. संपूर्ण थायरॉइड काढलेल्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी पुन्हा तपासणीसाठी बोलावलं आणि 1883 साली बर्लिनमधल्या सर्जनांच्या परिषदेत जे सांगितलं, त्यानं सभा हादरली. तपासणीला आलेल्या 18 जणांपैकी 16 जण सुजलेले, मंदावलेले आणि थंडीनं काकडणारे होते. 1874 मध्ये ज्या अकरा वर्षांच्या मुलीवर त्यांनी शस्त्रक्रिया केली होती, तिची तर उंचीच खुंटली होती. थायरॉइडचं संप्रेरक मिळालं नाही तर हाड वाढतच नाही, हे त्या मुलीच्या शरीरानं दाखवून दिलं.

नाण्याची दुसरी बाजू 1891 मध्ये दिसली. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी थायरॉइडच्या अतिरेकानं मरण पावलेल्या एका तरुण स्त्रीची हाडं तपासली. ती किडीनं पोखरल्यासारखी दिसत होती. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी थायरॉइड निकामी झालेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बाई पुढे 28 वर्षं जगली. तेवढ्या काळात 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी तिच्या औषधासाठी लागल्या! आज तेच काम रोज पहाटेची एक बारीक गोळी करते.

या गोळीबद्दल एक भीती सर्रास ऐकू येते: ‘हिच्यानं हाडं ठिसूळ होतात.’ त्या भीतीपोटी काही जण गोळी परस्पर कमी करतात, काही बंदच करतात. ही गोष्ट खरोखर चिंतेची आहे. ग्रंथीच उरलेली नसताना गोळी सोडणं म्हणजे कोखर यांच्या रुग्णांच्या वाटेनं जाणं. हाडांचं नुकसान होतं ते गरजेपेक्षा जास्त मात्रेनं, आणि तेही ती वर्षानुवर्षं चालू राहिली तर.

हाड बाहेरून दगडासारखं निश्चल वाटतं, पण आत सतत मोडतोड आणि बांधणी चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या खळग्यात नवं हाड भरतात. प्रौढ माणसात या एका फेरीला साधारण 200 दिवस लागतात. संप्रेरक जास्त झालं की हा काळ जवळजवळ निम्म्यावर येतो. विरघळणं पुरं होतं, भरणं मात्र अपुरं राहतं, आणि प्रत्येक फेरीत थोडं हाड हातचं जातं. पाळी गेलेल्या स्त्रियांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो, कारण इस्ट्रोजेनचं संरक्षण त्याआधीच सुटलेलं असतं.

गलगंडासाठी किंवा ग्रेव्हज आजारासाठी ग्रंथी काढली असेल, तर गोळीचं काम फक्त उणीव भरून काढण्याचं. संपूर्ण ग्रंथी काढल्यावर सुरुवातीची मात्रा बहुधा वजनाच्या दर किलोमागे सुमारे 1.6 मायक्रोग्रॅम ठरते, मग रक्तातला टीएसएच (थायरॉइडला चेतवणारं संप्रेरक) पाहून ती जुळवली जाते. टीएसएच सामान्य मर्यादेत राहिला तर हाडांना धास्तीचं कारण नसतं.

कर्करोगाची गोष्ट वेगळी. टीएसएच उरल्यासुरल्या कर्कपेशींना चेतवू शकतो, म्हणून मुद्दाम जादा मात्रा देऊन तो दाबून ठेवतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत जास्त धोक्याच्या रुग्णांसाठी सुरुवातीला 0.1 पेक्षा कमी टीएसएच सुचवला होता, तर उपचाराला उत्तम प्रतिसाद दिलेल्या कमी धोक्याच्या रुग्णांसाठी 0.5 ते 2. हा फरक मोठा आहे. व्यवहारात मात्र पहिल्या वर्षी ठरलेली मात्रा पुढे तशीच लिहिली जाण्याची शक्यता असते, आणि खरा धोका तिथे आहे. 65 वर्षांवरील स्त्रियांच्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 0.1 किंवा त्याहून कमी टीएसएच असलेल्यांमध्ये खुब्याच्या फ्रॅक्चरचा धोका तिपटीहून अधिक आणि मणक्याचा चौपटीहून अधिक आढळला. साठीनंतर मोडलेला खुबा घरातल्या सगळ्यांचं आयुष्य बदलून टाकतो, हे वेगळं सांगायला नको.

थायरॉइडच्या मागे चिकटलेल्या चार पॅराथायरॉइड ग्रंथींचाही इथे संबंध येतो. तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेत त्यांना धक्का लागला तर ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. अशा रुग्णाला कॅल्शियम आणि सक्रिय ड जीवनसत्त्व दीर्घकाळ घ्यावं लागू शकतं. त्यात एक अडचण आहे: कॅल्शियम आणि लोह थायरॉइडच्या गोळीला आतड्यात अडवतात. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासानं. उपवासाच्या दिवशीही ती चुकवू नये.

हाडांना लागणाऱ्या कॅल्शियमसाठी आहारात आपल्याकडची नाचणी मोलाची आहे. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या 100 मिली दुधात सुमारे 120. ड जीवनसत्त्वाची कमतरता मात्र भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशातही घरोघरी आढळते. म्हणून त्याची तपासणी करून घ्यावी.

टीएसएच दाबून ठेवलेल्या आणि पाळी गेलेल्या स्त्रीनं हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. त्यात टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली आला तर हाडं ठिसूळ झाली असं मानतात, आणि त्यावर उपचार आहेत. केसांसाठी बायोटिन घेत असल्यास रक्त देण्यापूर्वी तेही सांगावं, कारण त्यामुळे काही पद्धतींत टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि मात्रा नाहक बदलली जाते.

वय वाढलं, वजन घटलं की गरज बहुधा कमी होते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहावा. आणि दरवर्षीच्या भेटीत डॉक्टरांना थेट विचारावं: ‘माझा टीएसएच किती ठेवायचा आहे, आणि यंदाही तो तेवढाच का?’ मिळालेलं उत्तर आकड्यासह फाइलवर लिहून घ्यावं.