निनावी वीरांचा दिवस आणि मुळशी



ज्या मुळशीत आजची ही सभा भरली आहे, तिच्या जलाशयाखाली मावळ्यांची गावे आणि भाताची खाचरे गडप झाली आहेत. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरणाचा घाट घातला. जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे बायकामुलांसह कामाच्या जागी जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा होती. १९२४ पर्यंत हा लढा चालला. पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्याने ‘सेनापती’ हे नामाभिधान दिले आणि अखेरीस सात वर्षांची शिक्षाही दिली. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत आणि ते उचितच आहे. परंतु सेनापतीचे नाव राहिले, सैन्याची नावे कोठे गेली?

या प्रश्नाचे एक उत्तर दूरच्या फिलिपिन्स देशाने दिले आहे. स्पॅनिश सत्तेविरुद्ध १८९६ च्या ऑगस्टमध्ये तेथे उठाव झाला. त्याचा नेता आंद्रेस बोनिफासिओ हा गोदामात नोकरी करणारा गरीब माणूस होता. त्याने व त्याच्या साथीदारांनी परकीय सत्तेने दिलेले कराचे दाखले फाडून बंडाची घोषणा केली. त्या स्मृतीसाठी ऑगस्टचा शेवटचा सोमवार तेथे राष्ट्रीय वीरदिन म्हणून पाळला जातो. बोनिफासिओचा आणि होसे रिसालचा दिवस वेगळा आहे. या दिवसाच्या कायद्यात मात्र कोणाही एका वीराचे नाव नाही. ज्यांची नावे इतिहासाने टिपली नाहीत, त्यांचाही तो दिवस आहे.

मुळशीला असाच दिवस शोभेल. परंतु निनावी वीरांच्या गौरवात एक धोकाही असतो. निनावी माणसाला हार घालणे सोपे, कारण तो हिशेब मागायला उभा राहत नाही. मुळशीचा हिशेब तर अजून बोचणारा आहे. कसणारा मावळा होता, पण अनेक ठिकाणी जमिनीच्या कागदावर पुण्याच्या सावकाराचे नाव होते. सावकाराला जमीन ही मालमत्ता होती. मोबदल्याचा आकडा मनासारखा होताच त्याचा विरोध मावळला. कुळाला ती जमीन म्हणजे जगणे होते, आणि जगण्याला सरकारी दप्तरात रकाना नव्हता. म्हणून मुळशीचा पराभव केवळ सरकारच्या लाठीने झाला नाही. लढणाऱ्यांचे आणि मालकांचे हितसंबंध एक नव्हते, यानेही तो झाला. शेतकऱ्याच्या नावाने लढा उभारणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा धडा गिरवायला हवा.

हा पराभव वाया मात्र गेला नाही. १८९४ च्या ज्या भूसंपादन कायद्याने ‘सार्वजनिक काम’ हे नाव देऊन जमिनी घेतल्या, तो स्वातंत्र्यानंतरही साडेसहा दशके टिकला. महाराष्ट्राने १९७६ मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि २०१३ च्या केंद्रीय कायद्याने जमीनमालकांबरोबरच जमिनीवर पोट असणाऱ्यांचाही विचार केला. या कायद्यांमागे धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांनी केलेली आंदोलने उभी आहेत, आणि त्या वाटेवरचे पहिले पाऊल मुळशीत पडले होते.

तेव्हा रामनवमीच्या सुमारास मुळशीत यायचे असेल, तर हाराबरोबर वहीही आणावी. जलाशयाकाठच्या वाड्यांतून फिरावे, आजोबा-पणजोबा सत्याग्रहात कोण होते, तुरुंगात कोण गेले, जमीन कोणाच्या नावावर होती आणि ती कसत कोण होते, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यावे. या आठवणी सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. निनावी वीरांचे खरे स्मारक म्हणजे त्यांची नावे शोधून काढणे.